पोस्टर छान झालंय, पण कळलं काय?

पत्र :

ताई, मी ग्राफिक डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात आम्हाला इन्फर्मेशन डिझाइन, म्हणजे माहिती चित्रांतून मांडण्याचा विषय, आहे. तत्त्वं सगळी पाठ आहेत. जवळीक, साम्य, कॉन्ट्रास्ट, ग्रिड, हायरार्की, डेटा-इंक, काहीही विचारा. पण कोरी फाइल उघडली की पुढे काय करायचं सुचत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयावर एक इन्फोग्राफिक केलं. पाच वर्षांतली पुस्तकांची देवघेव, विषयवार वाटणी, पटसंख्या, वेळा, नियम, सगळं घातलं. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "पोस्टर छान झालंय, पण कळलं काय?" मला उत्तर देता आलं नाही. त्यात माझं गणित कच्चं. कुठलं सॉफ्टवेअर शिकू? एखादा कोर्स लावू का? की हे आपल्याला जमणारं नाही असं समजून सरळ इलस्ट्रेशनकडे वळू? पोस्टर आणि आकड्यांची शीट सोबत जोडली आहे.
– एक विद्यार्थिनी

उत्तर :

शीट जोडलीस हे फार बरं केलंस. पोस्टरपेक्षा मला तीच जास्त आवडली. का ते सांगतेच, पण आधी सरांबद्दल. त्यांचा प्रश्न बरोबर होता. फक्त तो पोस्टर झाल्यावर विचारण्याचा नव्हे, सुरू करण्याआधी विचारण्याचा प्रश्न आहे. तू कोरी फाइल उघडून अडतेस ते तिथेच. जवळीक, कॉन्ट्रास्ट, हायरार्की ही तत्त्वं सांगायचं कसं ते शिकवतात. काय सांगायचं हे त्यांच्या पोटात नाही. ते ठरलेलं नसेल तर हायरार्की, म्हणजे महत्त्वाचा क्रम, तरी कशाची लावणार?

तुझ्या पोस्टरचा मथळा आहे 'आपलं ग्रंथालय : एक दृष्टिक्षेप'. या मथळ्याखाली काहीही खपतं. म्हणूनच वेळाही आल्या, दंडाचे नियमही आले आणि कपाटांची संख्याही आली. मथळ्यात क्रियापद घालून बघ. 'पुस्तकं नेण्याचं प्रमाण घटलं', 'अमुक विषयाची पुस्तकं सर्वात जास्त फिरतात', कुठलंही एक विधान. विधान झालं की पोस्टरवरच्या प्रत्येक गोष्टीला विचारता येतं, बाई, तू इथे कशासाठी? दंडाचे नियम आपोआप बाहेर पडतील.

आता तुझी शीट. पाच वर्षांत ग्रंथालयातून नेलेली पुस्तकं अनुक्रमे 4200, 4050, 2500, 2300, 2100. पोस्टरवर तू हे मोठं करून दाखवलंस आणि खाली जाणारा एक लाल बाण काढलास. पाहणारा काय समजेल? मुलं दरवर्षी थोडं थोडं वाचन सोडत चाललीत. वर्तमानपत्री निबंधाला छान विषय.

पण पटसंख्याही तूच दिली आहेस. पोस्टरच्या उजव्या कोपऱ्यात, तीन माणसांच्या आयकॉनशेजारी, बारीक अक्षरांत. 1400, 1350, 1250, 1150, 1050. म्हणजे पुस्तकं नेणारी मुलंच कमी होत गेली. पुस्तकांच्या आकड्याला त्याच वर्षाच्या पटसंख्येने भाग. 4200 भागिले 1400, तीन. 4050 भागिले 1350, पुन्हा तीन. 2500 भागिले 1250, दोन. 2300 भागिले 1150, दोन. 2100 भागिले 1050, दोन.

तीन, तीन, दोन, दोन, दोन.

घसरण नाहीच मुळी, एक पायरी आहे. पहिली दोन वर्षं विद्यार्थ्यामागे तीन पुस्तकं जात होती, तिसऱ्या वर्षी ती दोनवर आली आणि तिथेच थांबली. तुझा लाल बाण जे सांगतोय ते या आकड्यांत नाही. खरा प्रश्न 'मुलं वाचेनाशी झाली का' हा नसून 'तिसऱ्या वर्षी काय झालं' हा आहे. शीटच्या शेरा रकान्यात तिसऱ्या वर्षापुढे तू लिहिलंयस, "या वर्षी ई-पुस्तकांची सोय सुरू, आकडे मिळाले नाहीत." हा शेरा पोस्टरवर का आला नाही? जागा नव्हती म्हणशील, पण दंडाच्या नियमांना होती!

सावकाश, ई-पुस्तकांमुळेच घट झाली असं मात्र छापू नकोस. दोन गोष्टी एका वर्षी झाल्या एवढंच आपल्या हाती आहे. रेषा जिथे खाली उतरते तिथे एक बारीक टीप दे, 'याच वर्षी ई-पुस्तकांची सोय सुरू झाली. त्यांचे आकडे यात नाहीत'. आणि मथळ्यात 'पुस्तकं' ऐवजी 'छापील पुस्तकं' लिही, कारण तू मोजलीस ती तेवढीच. आणखी एक. 'विद्यार्थ्यामागे तीन' ही सरासरी आहे. एखादी मुलगी वर्षाला चाळीस नेत असेल आणि वर्गातले निम्मे एकही नेत नसतील, तरी सरासरी तीन येऊ शकते. ग्रंथपालांकडे जाऊन विचार, नावं नकोत, फक्त शून्य पुस्तकं नेणारे किती, एक-दोन नेणारे किती, दहाच्या वर किती. ते मिळालं तर पुढचं पोस्टर त्याचंच होईल, आणि मला वाटतं याहून सरस होईल.

हे एवढं करायला तुला कुठलं गणित लागलं? भागाकार. तू ज्याला गणित कच्चं म्हणतेस ते बहुधा परीक्षेतलं गणित असावं. या कामाला टक्केवारी, दर, गुणोत्तर, सरासरी आणि मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) यांतला फरक, इतकं चोख हवं. बाकीचं लागेल तेव्हा शिकता येतं. उलट चित्रकाराच्या डोळ्याचा इथे फायदाच आहे. फ्रान्सिस अ‍ॅन्सकम या संख्याशास्त्रज्ञाने 1973 साली आकड्यांचे चार संच मांडून दाखवले. प्रत्येकात अकरा बिंदू. चौघांच्या सरासऱ्या जुळतात, विखुरण जुळतं, दोन राशींमधला सहसंबंधही, म्हणजे त्या किती सोबतीने बदलतात तेही, जुळतो. नुसत्या हिशेबाने पाहिलं तर चारही संच सख्खी जुळी भावंडं. कागदावर बिंदू मांडले की पहिल्यात साधारण सरळ कल दिसतो, दुसऱ्यात सुबक वक्र, तिसऱ्यात सरळ रेषा आणि एक चुकार बिंदू, चौथ्यात एक सोडून सगळे बिंदू एकाच उभ्या ओळीत. आकडे हातात आले की पोस्टरचा विचार करण्याआधी ते कसेही, वेडेवाकडे का होईना, काढून बघायचे ते यासाठी.

आता तुझ्या पुस्तकांच्या चित्रांबद्दल. चित्रं सुरेख आहेत, पण खोटं बोलतायत. पहिल्या वर्षाचं पुस्तक साधारण आठ सेंटिमीटर उंच आहे, पाचव्याचं चार. आकडा निम्मा, उंची निम्मी, म्हणून तुला ते बरोबर वाटलं. पण कोपरा धरून चित्र लहान केलं की रुंदीही निम्मी होते, आणि कागदावर शाई उरते एक चतुर्थांश. डोळा उंची मोजत बसत नाही, आख्खा आकार बघतो. त्यात तू पुस्तकांना जाडी दिलीस, म्हणजे घनफळाचा भास. त्या हिशेबाने एक अष्टमांश! घट निम्म्याची, पण दिसते मात्र कितीतरी जास्त. आकाराने संख्या दाखवायचीच असेल तर क्षेत्रफळ आकड्याशी जुळवावं लागतं, लांबी नाही. क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा 1858 चा प्रसिद्ध वर्तुळाकार आलेख बघ, त्यात प्रत्येक पाकळीचं क्षेत्रफळ मृत्यूंच्या प्रमाणात आहे. म्हणजे त्रिज्या काढायला वर्गमूळ आलंच.

याहून सोपी वाट व्हिएन्नाच्या मंडळींनी 1920च्या दशकात काढली. ऑटो नॉयराथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जी चित्रलिपी घडवली, तिला पुढे आयसोटाइप हे नाव पडलं. तिचा पहिला नियम असा की संख्या वाढली तर चिन्ह मोठं करायचं नाही, चिन्हं जास्त काढायची. सगळी एकाच मापाची, एका ओळीत, मोजता येतील अशी. तुझ्या पोस्टरला हा नियम अगदी फिट बसतो. पहिल्या दोन वर्षांना विद्यार्थ्याच्या हातात तीन पुस्तकं, पुढच्या तीन वर्षांना दोन. झालं! आकडा छापला नाहीस तरी चालेल, आणि तू इतक्या मन लावून काढलेल्या त्या पुस्तकांना एकदाचं काम मिळेल. शेजारी छोटा रेषालेख दे, ज्याला वर्षं बघायची आहेत तो बघेल.

विषयवार वाटणीचं ते नऊ तुकड्यांचं वर्तुळ मात्र काढूनच टाक. त्यात कुठला विषय तिसरा आणि कुठला चौथा हे मला सांगता आलं नाही, आणि बाजूची रंगसूची बघत मान नऊ वेळा इकडून तिकडे वळवावी लागली. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी 1984 साली प्रयोग करून तपासलं की माणसाला आलेखातलं काय किती अचूक वाचता येतं. समान अक्षावरचं स्थान आपण सर्वात बरं वाचतो. त्याखालोखाल लांबी. कोन त्यानंतर, क्षेत्रफळ आणखी खाली, आणि रंगाच्या गडद-फिकेपणावरून आकडा ओळखण्यात आपण अगदीच ढ. हा क्रम भिंतीवर लावून ठेव. नऊ विषय असतील तर नऊ आडवे स्तंभ, मोठ्याकडून लहानाकडे लावलेले, नावं डावीकडे. दिसायला साधं दिसेल, दिसू दे. वर्तुळाशी माझं वैर नाही. दोन-तीन भाग असतील आणि 'निम्म्याहून जास्त की कमी' एवढंच सांगायचं असेल तर ते छान काम करतं.

बघ, आता तुझी पाठ केलेली तत्त्वं कामाला लागली की नाही? विषयाचं नाव स्तंभाला चिकटलं, ही जवळीक. विद्यार्थ्यांचे आणि पुस्तकांचे आयकॉन सगळीकडे एकाच मापाचे, एकाच जाडीच्या रेघेचे, हे साम्य. सगळी वर्षं करड्या रंगात आणि पायरी उतरते तेवढा भाग गडद, हा कॉन्ट्रास्ट. तू सात रंग वापरलेस त्यामुळे कॉन्ट्रास्ट कुठेच उरला नाही. सगळेच ओरडले तर कोणाचं ऐकायचं! 'वाढ हिरवी, घट लाल' ही सवयही सोड, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं दुर्मिळ नाहीत. निळा-नारिंगी घे, किंवा एकाच रंगाच्या दोन छटा, आणि पोस्टर एकदा कृष्णधवल प्रिंट काढून बघ. तिथे टिकलं तर रंगीतही टिकेल.

अक्ष शून्यापासून सुरू करावा की नाही यावर लोक हिरिरीने भांडतात. स्तंभ असेल तर शून्यापासूनच, कारण तिथे लांबीच आकडा सांगते आणि ती कापली की आकडा कापला जातो. रेषा असेल तर गरजेनुसार, फक्त तसं स्पष्ट लिही. आणि डेटा-इंकबद्दल एक बाजूची गोष्ट. अनावश्यक शाई काढा हे खरं, पण त्या नादात काही मुलं अक्षावरची एककंही काढून टाकतात आणि मग बघणारा विचारतो, हे हजारात की टक्क्यांत? स्वच्छ आणि मुका यात फरक आहे.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. कागद-पेन्सिल आणि कुठलीही स्प्रेडशीट, इथून सुरुवात. मग डेटारॅपर किंवा रॉग्राफ्स ही चार्ट काढण्याची साधनं, दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात आणि सुरुवातीला पैसे लागत नाहीत. चार्टची एसव्हीजी फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) मिळाली की इंकस्केप किंवा इलस्ट्रेटरमध्ये नेऊन हाताने सजव. रॉग्राफ्स ती सरळ काढून देतं. कॉलेजमध्ये इलस्ट्रेटर आहेच, तर नवं काही घेऊ नकोस. इन्फोग्राफिकच्या तयार टेम्प्लेटपासून मात्र लांब राहा. त्यात सहा चौकटी असतात म्हणून माणूस सहा मुद्दे शोधत बसतो. तुझ्या पोस्टरचा सांगाडा मला अशाच एखाद्या टेम्प्लेटचा वाटला. नसेल तर क्षमा कर.

कोर्स लाव असं मी आत्ता सांगणार नाही. त्याऐवजी वर्तमानपत्रात, अहवालात, पाठ्यपुस्तकात दिसेल तो चार्ट उचल. त्यातले आकडे काढून शीटमध्ये भर. मग तेच आकडे तीन वेगळ्या आकारांत मांड आणि प्रत्येकाखाली एक वाक्य लिही, यातून काय पटकन दिसतं आणि काय लपतं. कंटाळवाणं आहे, पण हात यानेच बसतो. जुन्या मंडळींचं कामही याच नजरेने बघ. विल्यम प्लेफेअरने 1786 साली आयात-निर्यातीचे रेषालेख छापले. काळ आडव्या अक्षावर, पैसा उभ्या. स्कॉटलंडचे मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते, रेषा ओढणार कशी? म्हणून त्याने देशागणिक पट्टे काढले, आणि आपण आज ज्याला स्तंभालेख म्हणतो त्याचा तो पहिला नमुना मानतात. आकार आवडीने निवडला नव्हता, हाती असलेल्या आकड्यांनी तो निवडायला लावला. किंवा हॅरी बेकचा 1933 चा लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा घे. हा माणूस विजेच्या आकृत्या काढणारा ड्राफ्ट्समन. त्याने खरी अंतरं सोडून दिली, रेषा आडव्या, उभ्या आणि 45 अंशांत बसवल्या, कारण जमिनीखालच्या प्रवाशाला दोनच गोष्टी हव्या होत्या, कुठे चढायचं आणि कुठे बदलायचं. त्या नकाशात काय आहे यापेक्षा काय काढून टाकलंय त्याची यादी कर. आणि हेही लक्षात ठेव की तोच नकाशा घेऊन चालत निघालेला माणूस फसतो, कारण अंतरं खरी नाहीत. कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी, हे ठरल्याशिवाय नकाशा बरोबर की चूक हे सांगताच येत नाही.

पोस्टर नव्याने केलंस की वर्गातल्या मैत्रिणींना दाखवू नकोस. त्या 'मस्त' म्हणतील. दुसऱ्या शाखेतल्या कोणाला तरी धर. पोस्टर थोडा वेळ समोर ठेव, मग काढून घे आणि विचार, "काय होतं त्यात?" 'कसं वाटलं' असं विचारायचं नाही. 'ग्रंथालयाबद्दल काहीतरी होतं' असं उत्तर आलं तर काम बाकी आहे. 'तिसऱ्या वर्षापासून मुलं कमी पुस्तकं नेतात' असं आलं तर पाठव सरांकडे. बघणारा चुकीचं काही सांगत असेल तर समजवायला जाऊ नकोस, फक्त लिहून घे. पोस्टर भिंतीवर लागल्यावर तू शेजारी उभी नसणार.

इलस्ट्रेशनकडे वळू का, हा तुझा शेवटचा प्रश्न. वळायचं असेल तर आवडतं म्हणून वळ, इथे जमत नाही म्हणून नको. ज्या व्हिएन्नाच्या मंडळींबद्दल वर सांगितलं, त्यांच्यात चिन्हं रेखाटणारा गेर्ड आर्न्ट्झ हा चित्रकार होता. तज्ज्ञांनी दिलेल्या आकड्यांतून नेमकं काय दाखवायचं, कुठली तुलना मांडायची आणि कच्ची मांडणी कशी असावी हे ठरवण्याचं काम मुख्यतः मारी रायडेमायस्टर करायची. पुढे तिने नॉयराथशी लग्न केलं आणि त्याच्या पश्चात अनेक वर्षं हे काम चालवलं. दोन वेगळी कामं, दोन वेगळी माणसं. आर्न्ट्झचं काम तुला येतं हे पोस्टरवरून दिसतंच. मारीचं काम अजून तू करून पाहिलेलंच नाहीस, म्हणून ते जमत नाही असा निकाल इतक्यात देऊ नकोस. पटसंख्येचा रकाना शीटमध्ये भरायचा हे कोणी न सांगता तुला सुचलं होतं ना?

ता. क. : मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलंयस, त्यामुळे शिरोरेषा तुटली आहे आणि 'ग्रंथालय' हा शब्द विस्कटल्यासारखा दिसतो. इंग्रजी मोठ्या अक्षरांना ही युक्ती चालते, देवनागरीला नाही. ओळींमधलं अंतर मात्र वाढव. खालच्या टिपेत पहिल्या ओळीचे उकार दुसऱ्या ओळीच्या वेलांट्यांत अडकलेत. आणि वर्षांची नावं जी तिरकी फिरवलीस ती सरळ कर. वर्षागणिक पुस्तकांच्या चिन्हांची आडवी ओळ घेतलीस की त्यांना जागा आपोआप मिळेल.